करडाची हगवण आणि जुलाबाचं औषध

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (लांबूनच, कारण कितीही आंघोळी केल्या तरी अंगाचा वास गेलेला नाही). डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जिवाला बरं वाटलं. पट्टी निघेपर्यंत तुला वाचता येणार नाही, तेव्हा हे पत्र सूनबाई वाचून दाखवतील असं धरून लिहितो आहे. (सूनबाई, कंसातला मजकूरही वाचावा. मी तो उगाच घालत नाही.) इकडे सर्व ठीक आहे. शेळी ठीक आहे, तिचं मोठं करडू ठीक आहे. धाकट्याला तेवढी हगवण लागली आहे.

लगेच उठून बसू नकोस, डोळ्यांवर ताण येईल. सविस्तर सांगतो.

तुझ्यामागे गोठा बघायचं कबूल केलं तेव्हाच मी म्हटलं होतं की मला जनावरांची आवड नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. बिघडलेलं घड्याळ गप्प पडून राहतं, मालक आला की त्याच्या हवाली करायचं आणि विसरून जायचं. करडाचं तसं नाही. शेळी ह्या धाकट्याला जवळ येऊ देत नाही म्हणून तू त्याला बाटली लावलीस आणि ‘ओरडलं की पाज’ एवढंच सांगून गाडीत बसलीस. ताई, ते झोपेतही ओरडतं. मी पाजत राहिलो. (जाताना तू म्हणालीस, “जगलं तर तुझ्यामुळे आणि मेलं तरी तुझ्यामुळेच.” असं ऐकल्यावर माणूस हात आखडता घेत नाही.) व्हायचं तेच झालं. लेंड्या जाऊन पिवळं पाणी सुरू झालं, शेपटी चिकटली, मागचे पाय बरबटले आणि ते ओरडायचं थांबलं. आधी वाटलं, चला, शांतता मिळाली. मग कळलं की ही शांतता चांगली नव्हे.

औषधाच्या दुकानात गेलो तर ही गर्दी. चारचौघांत करडाच्या शेपटीचं वर्णन कुठे करत बसा, म्हणून मोघम म्हणालो, “जुलाबाचं औषध द्या.” दुकानदाराचा एक कान फोनला. त्याने लहान बाटली की मोठी, एवढंच विचारलं. आता आपल्या भाषेची गंमत बघ. खोकल्याचं औषध खोकला थांबवतं, तापाचं औषध ताप उतरवतं, पण जुलाबाचं औषध जुलाब थांबवतंही आणि करवतंही. मला मिळालं ते करवणारं. आणि मी मोठी बाटली घेतली.

घरी येऊन चमचा पुढे केला तर करडाने तोंड घट्ट मिटलं. तुझा मुलगा लहानपणी हेच करायचा (सूनबाई, लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल), तेव्हा आपण आधी स्वतः एक घोट घेऊन ‘बघ, कसं गोड आहे’ म्हणायचो. तेच केलं. गोड होतं. त्याला पटेना, म्हणून आणखी एक चमचा घेतला. त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पुढचं सूनबाईंना मोठ्याने वाचायला लावणं बरं नव्हे. इतकंच सांगतो की त्या दिवशी या घरात हगवणीचे रोगी दोन होते आणि त्यातल्या एकालाच दार लावून घ्यायची सोय होती.

शेवटी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी करडाची कातडी चिमटीत धरून सोडली, हिरड्या पाहिल्या आणि मी दिवसभरात किती पाजतो ते विचारलं. उत्तर ऐकून म्हणाल्या, “अहो काका, ते पोट आहे, पिंप नाही.” मग ती बाटली फिरवून पाहिली. म्हणाल्या, “ह्यातलं चमचाभर जरी त्याच्या पोटात गेलं असतं, तर आज मी फक्त तुम्हालाच तपासून परत गेले असते.” मला हसू आलं नाही. त्यांच्या हातून बाटली घेतली, बूच घट्ट लावलं आणि ती फडताळात अगदी वर ठेवली.

उपाय साधाच निघाला. दूध बंद करायचं नाही, पण थोडं थोडं आणि वेळेवर द्यायचं. मधल्या वेळात कोमट पाण्यात क्षारांची पूड कालवून पाजायची. ओलं गवत काढून कोरडी पोती घालायची आणि ऊब ठेवायची. हगवणीचा नमुना तपासला, त्यात जंत निघाले नाहीत, म्हणून उगाच भारी औषधं नकोत म्हणाल्या. माझ्यासाठी वेगळं काही दिलंच नाही. “तुम्हीही तेच पाणी प्या.” तेव्हापासून पातेलं एकच, ते बाटलीने पितं आणि मी पेल्याने.

आता कामाचं. काल खानावळवाले आले होते. मोठं झालं की हे धाकटं करडू मटणासाठी त्यांना द्यायचं तू कबूल केलं आहेस, आणि शब्द मोडणं तुझ्या रक्तात नाही हे मी जाणतो. पण हगवण अजून थांबलेली नाही. असलं जनावर खानावळीत गेलं तर तुझंच नाव खराब होईल, म्हणून त्यांना परत पाठवलं. ही हगवण चिवट असते, वर्षानुवर्षं चालते, असं डॉक्टरीणबाईंचं मत आहे (म्हणजे मी विचारलं असतं तर असेलच). तेव्हा दुसरं जनावर बघा, असा एक फोन त्यांना कर.

डोळ्यांना जप. माझी काळजी नसावी. मी ह्या सगळ्याकडे अलिप्तपणे पाहतो आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. मोठी बाटली जवळजवळ भरलेली आहे. तिकडे कोणाला गरज असल्यास कळव.

पुन्हा ता. क. (सूनबाई, इथून पुढे मनातल्या मनात वाचा.) हगवण केव्हाच थांबली. लेंड्या पहिल्यासारख्या कडक झाल्या आहेत. शब्द मोड असं ताईला सांगायची माझी छाती नाही, पण हगवणीपुढे तिचाही इलाज चालणार नाही. मला ते द्यायचं नाही, दुसरं काही नाही. मध्येच का थांबलीस असं तिने विचारलं तर अक्षर लागत नाही म्हणा. इथला कोपरा करडाने खाल्ला आहे, हे मात्र चुकूनही सांगू नका. आजारी करडू कागद खात नाही, हे ती डोळे बांधलेले असतानाही ओळखेल.