मागच्या पानावरचे अठरा मीटर

प्रिय आत्या,

तू गेल्यावर तुला पत्र लिहिण्याचं धाडस झालं नव्हतं. आज लिहितेय, कारण आज मी जाणूनबुजून एका चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण केली.

फुलपाड्यातल्या एका क्लासमध्ये मी सातवीला गणित शिकवते. आजचं उदाहरण असं: केळीच्या बागेची लांबी रुंदीच्या दुप्पट, भोवतीचं कुंपण बहात्तर मीटर, तर रुंदी किती? तन्वीने बारा काढले. मग पुस्तकाच्या मागे बघितलं, तिथे अठरा! पोरीने बारा खोडून अठरा लिहिले आणि वही माझ्यापुढे धरली. "मॅडम, माझं चुकलेलं."

अठरा? म्हणजे लांबी छत्तीस आणि कुंपण एकशे आठ! कुठल्या शहाण्याने मोजली ही बाग? चारही बाजू सारख्या धरल्या, बहात्तरला चाराने भागलं आणि मोकळा झाला. वर मुखपृष्ठावर 'तज्ज्ञांनी तपासलेले'. यांना वटार गावच्या एखाद्या केळीच्या वाडीत दोरी घेऊन उभं करायला हवं.

मी पाच वेळा ताळा केला. मग सरांकडे गेले. क्लास त्यांचा. वहीकडे न बघताच म्हणाले, "पुस्तकापेक्षा तुम्ही हुशार का मॅडम? पालक मागचं पान बघतात. तुमचा ताळा-बिळा कोण बघतो?"

हा माणूस गणित विकतो, आत्या!

आणि मी? मी परत आले आणि अठरावर खूण केली. सरांची कीव करायचा हक्कही घालवून बसले.

शाळेआधी ओटीवर अंक तूच शिकवलेस. पुढे नवं पुस्तक आलं की उत्तरांची पानं तू केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधून टाकायचीस. आधी गणित, मग ताळा, मगच गाठ सुटायची. उत्तर जुळलं नाही की मी रडायचे. तू म्हणायचीस, "रडते कशाला? छापनारा पन मानूसच. त्याला पन जांभया येतात. त्याचं उत्तर गनितात घालून बघ, बसतं का."

पण खरं उत्तर हातात असताना मोठ्या माणसासमोर तोंड कसं उघडायचं, ते का नाही शिकवलंस गं? बाबा तुझा हिशेब हसण्यावारी न्यायचे, तेव्हा तू पाटी पुसून टाकायचीस. मीही बाबांबरोबर हसायचे. ते आठवलं की लाज वाटते.

उद्या याच धड्याची चाचणी आहे. त्याआधी तन्वीची वही मागून घेईन, तिच्यादेखत माझी खूण खोडेन आणि सांगेन, "तू नाही, मी चुकले." मग अठराची बाग सगळ्या मुलांकडून फळ्यावर मोजून घेईन. सर दारात उभे असले तरी. 'काम गेलं तर गेलं' असं मला म्हणता येत नाही. पण भीत भीतही बारा लिहिता येतात. लिहीन.

तुझी घाबरट भाची,
मीनल