चढाला पुरेल अशी मागची चकती

ति. दादांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं वहिनींकडून कळलं, जिवाला बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. तुमची बहीण उत्तम, मीही कोपर सोडून उत्तम.

कोपराची हकीकत अशी. क्लबच्या शर्यतीचा पहिला भाग नदीकाठच्या सपाट रस्त्याने आणि शेवटचा पाण्याच्या टाकीच्या चढावर, हे मी फोनवर सांगितलंच होतं. सायकलच्या मागच्या दातेरी चकत्या लहान ठेवल्या तर सपाटीवर ती पळते आणि चढावर मान टाकते. मोठ्या घेतल्या तर चढ निघतो, पण गिअर बदलताना दर वेळी पायांचा ताल तुटतो. (मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना लांबचं आणि जवळचं एकाच काचेत बसवून देतो. सायकलवाल्यांना एवढं का जमू नये?) सायकलचा दुकानदार म्हणाला, मोठ्या घ्या. तुम्ही म्हणालात, त्या पेन्शनरांच्या. आपण लहानच बसवायच्या, चढ जिद्दीने निघतो. तुम्ही थोरले, शिवाय तुमच्या कपाटात कप आहेत. मी लहान बसवल्या.

सपाटीवर, दादा, मी तिसरा होतो. पुलाजवळ तुमच्या बहिणीला हात केला, तिने ओळखही दाखवली. मग चढ लागला. सगळ्यात सोपा गिअर टाकला, त्याहून सोपा हवा म्हणून खटका दाबत राहिलो, पण पुढे काही शिल्लकच नव्हतं. भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा मला मागे टाकून चालत पुढे गेले (जाताना, ढकलू का, असं अदबीने विचारून गेले). अखेर सायकल जागच्या जागी थांबली. बूट पेडलमध्ये अडकवलेले, त्यामुळे मी बसल्या बैठकीत, अगदी सावकाश, एका बंगल्याच्या झुडपांच्या कुंपणात आडवा झालो.

आतून एक बाई आल्या. "घर बघायला आलात का?" त्यांनी विचारलं.

फाटकावर वरचा मजला भाड्याने देण्याची पाटी होती. पडलो म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं गेलं. त्यांनी पाणी दिलं, कोपर धुवायला नळ दाखवला, मग वर नेऊन दोन खोल्या आणि गॅलरी दाखवली. मी गंभीर चेहऱ्याने दारं उघडून बंद करत राहिलो. एवढ्यात तुमची बहीण मला शोधत स्कूटरवरून आली. मी तिला निघण्याची खूण केली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "इथे सकाळचं ऊन येतं."

पुढच्या महिन्यात आम्ही तिथे राहायला जातोय.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. दुकानातून घरी यायला तो चढ आता रोजचा. तुम्ही घाटात जाताना मोठ्या चकत्या लावता, असं वहिनी बोलता बोलता बोलून गेल्या. त्या पाठवाव्यात. मी कुणाला सांगणार नाही.

आणखी एक ता. क. चकत्या पाठवू नका, घेऊनच या. टेम्पोवाल्याने तो रस्ता पाहिला आणि सामान पायथ्याशीच उतरवीन म्हणाला. पलंग, लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन तिथून हातांनी वर न्यायचंय. मशीनची जड बाजू कुणी धरायची हे तुमच्या बहिणीने ठरवलं आहे. मला फक्त तुम्हाला कळवायला सांगितलंय.