बंद काट्याच्या उत्तराची वाट

भोकरदन, शनिवार संध्याकाळ

आडतीवरचा बिनतारी वजनकाटा माझ्या कॉम्प्युटरला वजन बराबर पाठवतो, पण माप झाल्यावर जोडणी तोडायला गेलं की माझा प्रोग्राम लटकतो. पडद्यावर नुसतं ‘बंद होत आहे’. दुपारभर तेच! शेवटी मॉनिटर उचलला आन फरशीवर आपटला. काचा उचलताना बोट कापलं, अजून रक्त थांबेना.

भगवान मापाडी ओरडला, “डोकं फिरलं का साहेब तुमचं?”

मंग त्यानं हातातलं माप संपवलं, दर मापानंतर करतो तसा काट्याला नमस्कार केला आन बटण दाबून काटा बंद केला.

बघतच राह्यलो. म्हणजे मी जोडणी तोडायच्या आधीच काटा बंद झालेला असतो, आन प्रोग्राम दर वेळी बंद काट्याच्या उत्तराची वाट बघून राह्यलाय! उत्तर न्हाई आलं तर सोडून दे, एवढंच त्याला सांगायचंय.

सांगू कशावर? मॉनिटर तर मीच फोडला.