तुमच्या घरातल्या फटींविषयी

ती. साडूभाऊ यांस,

वडीलकीचा मान राखून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईंचा खोकला थांबला का? इकडे मी बरा आहे. ही तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. तीही बरी असल्याचं ताईंनी फोनवर सांगितलं. (ही स्वतः फोनवर येत नाही, भाजी निवडत असते. अकरा दिवस सलग निवडतेय म्हणजे तुमच्याकडे भाजी बरीच येत असावी.)

पत्र लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे. तुमच्या घरातला गारवा फटींतून बाहेर चालला आहे. मागच्या खेपेला मी तुमच्या बैठकीच्या खोलीत बसलो होतो तेव्हा खिडकी बंद, एसी चालू आणि पडदा हलत होता. पाहुणा म्हणून गप्प बसलो, पण त्या रात्री झोप लागली नाही. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, अर्ध्या ग्रॅमची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. शाळा नववीपर्यंतच झाली, पुढचं सगळं स्वतः वाचून शिकलो. घरातली वीज कशी वाचवावी याचं बारा पानांचं पत्रक वीज कार्यालयात फुकट मिळतं. लोक त्यात भजी बांधतात, मी ते पाठ केलं.

आमच्या घरात मेणबत्ती घेऊन सगळ्या भिंतींच्या कडेने फिरलो. जिथे ज्योत हलेल तिथे फट. एकूण सत्तावीस निघाल्या. प्रत्येकीला क्रमांक दिला, घराचा नकाशा काढून त्यावर मांडल्या (क्रमांक एकोणीस इतकी बारीक की पोस्टकार्ड जेमतेम जाईल) आणि रबरी पट्ट्या लावून आणि सुतार भेगा बुजवायला वापरतात ती लांबी भरून चार दिवसांत सगळ्या बंद केल्या. दाराला तर दुहेरी पट्टी. मग फ्रिजकडे वळलो. तो दिवसातून दोनदाच उघडायचा, सकाळी सात दहाला आणि संध्याकाळी सहा चाळीसला, असं ठरवलं. ही म्हणाली, "मधे दूध लागलं तर अर्ज करू का?" मला सूचना आवडली. फ्रिजला दोरीने वही-पेन्सिल बांधली. (तो टोमणा होता हे मला चौथ्या दिवशी कळलं. वही तोवर कोरीच होती.)

शनिवारी हिने मिरच्या भाजायला घेतल्या. फट क्रमांक सत्तावीस म्हणजे स्वयंपाकघरातलं धूर जायचं भोक. सगळ्यांत मोठी फट तीच, म्हणून तिला मी प्लायवूड ठोकलं होतं. दोन मिनिटांत आम्ही दोघं खोकून लाल. दाराकडे धावलो, तर दुहेरी पट्टीमुळे दार चौकटीत गच्च बसलेलं. आमची धडपड ऐकून खालच्या मजल्यावरचा सुतार वर आला आणि बाहेरून ओरडला, "दादा, ओढा!" मी म्हणालो, "ओढतोच आहे!" "मग व्हा बाजूला, मी ढकलतो." दार उघडलं. एकूण वेळ चार मिनिटं वीस सेकंद. मी आधी सुताराला विचारलं, बाहेर ठसका आला होता का? तो म्हणाला, "नाही बुवा, कणभरसुद्धा नाही." म्हणजे काम पक्कं! ते वाक्य वहीत उतरवून मी त्याची सही घेत होतो, तेवढ्यात ही पिशवी घेऊन जिना उतरायला लागली. जाताना एवढंच म्हणाली, "माणसाला श्वास लागतो, तेही लिहा त्या वहीत." मी लिहिलं, तारखेसकट.

नंतर लक्षात आलं की पत्रकाची पाच आणि सहा ही पानं एकमेकांना चिकटली होती. वाफेवर सोडवली. धुराचं भोक कधीही बुजवू नये, हे तिथेच ठळक अक्षरांत होतं. (छापणाऱ्यांनी डिंक जरा जपून वापरायला हवा.) प्लायवूड काढलं, दाराची एक पट्टी सोलून काढली. दार आता करंगळीने उघडतं, रोज तपासतो.

तर सांगायचं हे की तुम्हीही घराचं मनावर घ्या. खिडक्यांना पट्ट्या, गच्चीला पांढरा रंग, गीझरला जाड वेष्टण, एवढ्याने फार फरक पडतो. येत्या रविवारी मी स्वतः येऊन तुमचं घर तपासून देतो. मेणबत्ती मी आणेन. स्वयंपाकघराला हात लावणार नाही.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. आमचं मीटर या अकरा दिवसांत आधीच्या निम्मंच फिरलं. पट्ट्यांचं यश म्हणून वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मग नीट पाहिलं. आतल्या खोलीत दिवा लागत नाही, इस्त्री नाही, रेडिओ नाही आणि मी संध्याकाळी बाहेरच्याच खोलीत बसून असतो. तेव्हा ते यश पट्ट्यांचं नव्हे. रेघा खोडल्या. हे ताईंना सांगू नका. (हिला सांगितलंत तरी चालेल.)

ता. क. २. रविवारी हिला कुठे बाहेर जायचं असेल, तर तपासणी त्यापुढच्या रविवारी ठेवू. मला काही घाई नाही.

ता. क. ३. घाई आहे.