त्या सोलोचा आवाज

गुरुवार, संध्याकाळ. भिंगार.

इम्रान खोटं बोलतोय. आमच्या बँडच्या रेकॉर्डिंगमधला गिटारचा सोलो त्यानं घरून वाजवून आणला होता. बँड सोडताना अ‍ॅम्पची सेटिंगही त्यानंच सांगितली: आवाजाला धार देणारा गेन पूर्ण, मधल्या पट्टीचा मिड शून्य. रविवारच्या कार्यक्रमात तो सोलो आता मला वाजवायचाय. तसंच लावलं, तर गिटार डब्यात कोंडलेल्या माशीसारखी भुणभुणते. मिड शून्य? हेवी मेटलच्या सोलोला? साथीची ऱ्हिदम गिटार सोडून त्याच्या जागी मी आलो म्हणून मुद्दाम?

आणि हे सोलोचं गाणं त्यानं स्टेजवर एकदाही वाजवलं नाही. कधी तार तुटली, कधी बोट दुखलं. तेव्हाच खटकायला हवं होतं.

शेवटी त्याला फोन लावला. "अरे, मिड शून्यच," म्हणाला, पण चाचरत. तेवढ्यात मागून त्याची धाकटी बहीण रेहाना बोलली, "भाईजान, फोन द्या इकडे." मग मला म्हणाली, "मिड चांगला वाढवा, गेन थोडा उतरवा. आणि डिलेचं पेडल गिटारनंतर लगेच नको, अ‍ॅम्पच्या मागच्या जॅकमध्ये लावा."

फोन चालू ठेवूनच लावलं. पहिलाच सूर घुमत असा लांबला की अंगावर काटा आला. तोच आवाज!

"रेहाना, तो सोलो तू वाजवलायस?"

लांबून इम्रान म्हणाला, "सांग आता त्याला."

"हो," ती म्हणाली. "रविवारी मी आले तर चालेल?"

एवढे दिवस या सोलोची वाहवा आम्ही इम्रानला दिली. राग आला, पण तिच्यावर कसा काढणार?

"गिटार घेऊन ये," म्हणालो. "मी पुन्हा साथीला, ऱ्हिदम धरतो."