उलटा फिरवलेला एल्बो

३ मार्च

तिसरा एल्बो! पहिला आवळून झाला तेव्हा त्याचं तोंड धुराड्याकडे. दुसऱ्याचं जमिनीकडे — वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी मान खाली. विमानाच्या इंधन पंपावर एक एल्बो, म्हणजे नळीचा काटकोनी सांधा, बसवायचा आणि त्याचं तोंड नळीकडे यायला हवं, एवढंच काम. अख्खा दिवस खाल्ला.

बुटकी, माझी शाळेपासूनची मैत्रीण, स्टुलावर बसून सफरचंद खात होती. "जरासा मागे फिरव ना. झालं!"

झालं म्हणे! पाना खाली ठेवला आणि शिकवणीच घेतली. हे आटे निमुळते असतात, बाई. आत जातील तसे आवळत जातात, म्हणूनच गळत नाही. केसभर मागे घेतलास तर हाताला घट्टच लागेल, पण इंधन झिरपेल. फार पुढे रेटलास तर पंप तडकेल. जमेल तेवढं पुढे, नाहीतर काढून दुसरा.

"लग्नासारखं आहे गं," म्हणाली. लग्न तिनं केलं नाही, मीही नाही. हिला कुठून कळतं कोण जाणे.

तिसरा नेमका बसला. एल्बोवरून पंपावर लाल रंगाची रेघ ओढली. कुणी हलवलं तर रेघ सांगेल.

४ मार्च

इंजिन चालवून पाहिलं. थेंब नाही. नोंदवहीत सही केली. शनिवारी डोंगरापलीकडे जायचं — ती चालवणार, मी शेजारी. विमान दोघींचं, आकाश तिचं, इंजिन माझं. निवृत्तीनंतर मेकॅनिकचा परवाना टिकवला तो याचसाठी. बाकी काय उरलंय माझ्या नावावर? गुडघे!

७ मार्च

पंपाखाली निळा डाग. इंधनाचा वास हँगरच्या दारापर्यंत. शनिवार बोंबलला.

रेघ मोडलीय. एल्बोवरचा तुकडा मागे सरकलाय — मागे! म्हणजे कुणीतरी पाना लावून उलटा फिरवला.

किल्ली तिघांकडे. मी, बुटकी आणि वर्कशॉपचा प्रमुख. माझ्याच हाताखाली शिकला तो. त्याला पाना धरायला मी शिकवलं. गेल्या महिन्यात म्हणाला होता, "मॅडम, आता आराम करा की." आराम! आता कळला अर्थ.

८ मार्च

त्याला सगळ्यांसमोर झापलं. सोलून काढलं. चहाचे कप हातात तसेच राहिले सगळ्यांच्या.

"मॅडम, हे तुम्हीच शिकवलंत मला. मी उलटा फिरवीन?"

"मग भुतानं फिरवला?"

बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाटकी! असंच वाटलं मला.

बुटकीला म्हटलं, तू तरी बोल. ती हातमोजे घडी करत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे ना. वय झालं आपलं. विकून टाकू विमान."

वय झालं! शाळेत एका बाकावर बसून सिस्टरांच्या पट्ट्या खाल्ल्या दोघींनी. मी हिच्या वाटच्यासुद्धा खाल्ल्या. आणि ही लोकांसमोर माझं वय काढते!

११ मार्च

विमान खात्याचा तपासनीस आला. रेघ दाखवली. "रेघ तुमची, सही तुमची, हातही तुमचेच. नंतर जरा सरळ केला असेल, लक्षात राहिलं नसेल." फार गोड आवाजात. म्हाताऱ्यांशी बोलायचा तो आवाज! चौकशी होईपर्यंत परवाना जमा करा म्हणाला.

पर्समधून काढून टेबलावर ठेवला. बुटकी दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. एक शब्द — "तिचा हात चुकत नाही" — एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. ती बुटांकडे बघत राहिली.

१२ मार्च

फोन तीनदा वाजला. तिचाच. उचलला नाही. वाजू दे.

१४ मार्च

दारात येऊन उभी. आत ये म्हटलं नाही, तरी आली.

"मी फिरवला."

मला वाटलं, थट्टा. मग तिचा चेहरा पाहिला.

"तूच शिकवलंस ना, उलटा फिरवला की गळतो."

"का? काय बिघडवलं होतं मी तुझं?"

"मला धावपट्टी नीट दिसत नाही गं. मधोमध नुसता राखाडी गोळा. वर्ष झालं. डॉक्टर म्हणाला, आणखी वाढणार. तुला सांगायला तोंड नव्हतं. आणि शनिवारी तू शेजारी बसणारच होतीस. इंजिन बिघडल्याशिवाय, जायला नको म्हटलेलं तू ऐकलं असतंस?"

"मग परवाना काढून घेतला तेव्हा तोंड कुठे लपवलं होतंस, बुटके?"

"भ्यायले. सांगितलं असतं तर पुन्हा कधी उडता आलं नसतं. उद्या जाते तपासनिसाकडे. सगळं सांगते."

"आणि त्या पोराला काय सांगू? चारचौघांत रडवलं मी त्याला!"

ती रडायला लागली. मी दार उघडलं आणि जा म्हटलं. गेली. जिन्यावर कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत. मी हात दिला नाही.

१५ मार्च

बुटकीनं तपासनिसाला सगळं सांगितलं. परवाना परत मिळाला. प्रमुखाची माफी मागितली. म्हणाला, "चहा घ्या मॅडम." घेतला.

१६ मार्च

गेलं वर्षभर खाली उतरताना ती दर वेळी विचारायची, "सांग बघू, धावपट्टी किती राहिली?" मला वाटायचं, लाडात आलीय. मी अगदी बरोबर सांगायचे.