ओढा जित्ता आहे का, आत्याबाई?

प्रिय आत्याबाई,

सासूला पत्र लिहिणारी सून तुम्ही पाहिली नसेल. मीही नाही पाहिली. पण आज कॉलेजात एका कागदावर सही करायची होती आणि मी ती केली नाही. का केली नाही, हे घरात कुणालाच नीट सांगता येईना. म्हणून तुम्हाला सांगून बघते.

कागद आपल्या घरामागच्या ओढ्याचा. सगळं लातूर त्याला नाला म्हणतं, तुम्ही मात्र शेवटपर्यंत ओढाच म्हणालात. त्याच्यावर स्लॅब टाकून रस्ता करायचाय. त्याआधी ओढ्याची तब्येत कशी आहे, हे प्राणिशास्त्राच्या बाईंनी, म्हणजे मी, लिहून द्यायचं.

दोन वर्षांपूर्वी एकदा लिहून दिलंच होतं की! पुलाजवळ, बाजारामागं, जिथवर स्कूटी जाते तिथलं पाणी घेतलं. विरघळलेला प्राणवायू नावालाच. तळाशी घाणीत जगणाऱ्या तांबड्या अळ्या, दुसरं काही नाही. मी लिहिलं, 'मृत'.

तुम्ही मेथी निवडत होतात.

"वर गेलतीस का गं माय, उंबरापाशी?"

"नाही. तिथं गाडी जात नाही."

"मग मेला म्हणून कशी लिहायलीस? तिथं चतुर उडायलेत. ओढा जित्ता हाय."

"आत्याबाई, चतुर काय, कुठंही उडतात," मी म्हणाले आणि हसले.

तुम्ही भाजी उचलून आत गेलात. ते हसणं मला आजही टोचतं. माफी मागायची होती, पण दिवाळीनंतर तुम्हीच निघून गेलात. थोडं थांबायला काय झालं होतं?

या खेपेला सही करण्याआधी उंबरापाशी गेले, पायी. शेजारच्या शकुंतलाबाई सोबत होत्या. तुमची रोज संध्याकाळी तिथं बैठक असायची त्यांच्याबरोबर, हे मला तेव्हा कळलं! एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं?

आणि पाणी! तळाचा खडा न् खडा दिसत होता. दगड उलटला, तर खाली शेपटीला तीन-तीन धागे असलेली इवलीशी किड्यांची पिल्लं. घाण पाण्यात ती टिकत नाहीत. मी चिखलात बसकणच मारली. म्हणजे माझा अहवाल खोटा?

पण भर शहरात इतकं नितळ पाणी कुठून? काठाकाठानं थोडी वर गेले, बाटलीत पाणी भरलं आणि क्लोरीन तपासायचं औषध टाकलं. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं.

"शकुंतलाबाई, हे तर नळाचं पाणी!"

"हाव. टाकीकडं जाणारी मोठी पाईप फुटलीय तिथं. लई दिस झाले."

"आत्याबाईंना माहीत होतं?"

"त्यांनीच दावली मला. कुणाला बोलू नको म्हणल्या."

आत्याबाई, हे काय केलंत तुम्ही? नळाची वाट बघण्यात तुमचं आयुष्य गेलं. तांब्याभर पाणी सांडलं तर अख्खी सकाळ बोलायचात मला. आणि तिथं गावाचं प्यायचं पाणी वाहून चाललंय, तर गप्प? कशासाठी? चतुरांसाठी?

कळवलं तर पिल्लं मरणार. गप्प राहिले तर गल्लोगल्ली बाया रिकाम्या घागरी घेऊन ताटकळणार. काय बरोबर? तुमच्या लेकाला विचारलं. "आधी पाईप, मग किडे," म्हणाले, आणि पेपर वाचत बसले. चुकीचं तरी कसं म्हणू? मी महापालिकेत कळवलं. माणसं आली आणि पाईप जोडून गेली. मी काठावर उभी होते, हातून काहीतरी वाईट घडल्यासारखी.

आठ दिवसांनी परत गेले. कोरडं असेल असं धरून चालले होते. पण उंबराच्या बुडाशी, खडकाच्या भेगेतून, करंगळीएवढी धार चालू होती. औषध टाकलं. रंगच नाही! दगडाखाली पिल्लं कमी झालेली, पण होती.

आता हे पाणी कुणाचं? शकुंतलाबाई म्हणाल्या, "पूर्वी हितं झरा होता म्हणत्यात." की आणखी कुठली पाईप गळतेय आणि वाटेत क्लोरीन उडून जातंय? तुम्हाला झरा ठाऊक होता का? की तुम्ही फुटक्या पाईपलाच जित्ता ओढा समजत होतात? आता कुणाला विचारू?

आज प्राचार्यांनी कागद पुढं सरकवला. त्यावर दोनच चौकटी, जिवंत आणि मृत. दोन्ही मोकळ्या ठेवल्या, सही केली नाही. खाली लिहिलं, "माझा आधीचा अहवाल अपुरा होता, तो मी मागं घेते. एक उन्हाळा बघितल्याशिवाय मत देता येणार नाही."

"मॅडम, स्वतःचंच लिहिलेलं खोडताय?" ते म्हणाले.

"हो सर."

त्यांनी कागद परत ओढून घेतला. मग उन्हाळा संपेपर्यंत थांबा असं वर कळवतो म्हणाले, पण नाराजीनंच. वरचे ऐकतील की नाही, कोण जाणे.

आत्याबाई, एवढा शब्द देते. दर महिन्याला हा ओढा पहिल्या धारेपासून नदीपर्यंत पायी चालेन. जे दिसेल तेच लिहीन आणि जे कळलं नाही, ते कळलं नाही म्हणून लिहीन. वैशाखात ती धार आटली, तर आटली असंच लिहीन. तुमच्यासाठीसुद्धा एक अक्षर बदलणार नाही.

तुमची सून,
वैशाली